जावयाने आणलेलं गाठोडं

२०२३ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वैशाखात आमच्या गडब गावातल्या नव्या घराची वास्तुशांत झाली. जुनं घर हायवे रुंद करताना गेलं. गेलं ते गेलं, त्याचं रडगाणं मी गात नाही. मागच्या वाडीत जागा होती, तिथे तीन खोल्या आणि पुढे पडवी असं बांधलं. पाया भरताना मी रोज उन्हात उभा. गवंडी वैतागून म्हणायचा, "बाबा, तुमी जरा घरात जाऊन बसा ना." मी म्हणायचो, "घर हाय कुठं बसायला? तेच तर बांधतोयस."

तीनपैकी एक खोली लेकीची. लेक जपानात असते. पुण्याला शिकायला ठेवली होती, तिथे ती भाषा शिकली, मग कंपनीने तिला तिकडे पाठवलं आणि तिकडचाच नवरा तिने केला. मी स्वतः चौथी पास. माझ्या घरातली पोर तीन-तीन लिप्या लिहिते, याचा मला किती गर्व आहे ते मी कोणाला सांगत नाही. गवंड्याला सांगितलं, या खोलीची खिडकी जपानच्या बाजूला काढ. त्याला काय ठाऊक जपान कुठे. माझा एक दोस्त आहे, आमच्याच गावचा मुसलमान, बारा वर्षं दुबईत राहून आलेला. तो म्हणाला, उगवतीला काढ, चुकणार नाय. तशी काढली. पलंग केला, मच्छरदाणीला चार खिळे मारले. मग रोज सकाळी त्या खोलीत जाऊन खिडकी उघडायची आणि संध्याकाळी लावायची, हे काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

चार वर्षं ती आली नव्हती. मध्ये तो आजार आला, विमानं बंद झाली, मग तिची सुट्टी जुळली तर त्याची जुळेना. फोनवर चेहरा दिसतो, ते खरं. पण फोनमधल्या चेहऱ्याला वास नसतो. लहान असताना ही पोर मिठागरावर माझी भाकरी घेऊन यायची. बांधावरून धावत यायची, आणि जवळ आली की तिच्या केसांना खाजणातल्या खाऱ्या चिखलाचा आणि उन्हाचा वास यायचा. आता आमची दिवाबत्ती झाली की तिकडे झोपायची वेळ होते. "बाबा, झोप आली" म्हणते आणि फोन बंद. मी मात्र तसाच फोन हातात धरून बसतो. बायको म्हणते, "ठेवा तो आता. त्यातून ती काय बाहेर येणार हाय?"

वास्तुशांतीला दोघं येणार असं ठरलं आणि पुढचा महिनाभर फोनवर एकच विषय. जावयाला पडलेला प्रश्न असा, की घराला काय आणायचं.

मी म्हटलं, "काय नको. त्याला सांग, जावयाने आणायचं नसतं, न्यायचं असतं."

"बाबा, तसं नाय चालत त्यांच्यात. नव्या घराला हात हलवत जायचं म्हणजे लग्नात जेवायचं आणि आहेर न करता उठायचं."

"मग दिवा आण एखादा."

तर दिवा नको. आगीची कुठलीच वस्तू ते नव्या घराला देत नाहीत. दिवा नाही, मेणबत्ती नाही, शेगडी नाही, विडीवाल्याला राखदाणीसुद्धा नाही. लाल रंगाचं काही नाही, कारण लाल म्हणजे आग. त्यांची घरं पूर्वीपासून लाकडाची, आगीला फार भ्यायलेली माणसं. मी म्हटलं, आमच्यात दिवा नसेल तर त्याला घर म्हणत नाहीत, गोठा म्हणतात. ती हसली. मग म्हणाली, भिंतीला टांगायची वस्तूही देत नाहीत. दुसऱ्याने हौसेने बांधलेल्या भिंतीला आपण खिळा मारायला लावायचा, हे बरं दिसत नाही. हे मात्र मला पटलं. पण मी पटलं असं म्हटलं नाही.

आणखी एक. तिकडे नव्या घरात राहायला गेलेला माणूस स्वतः शेजाऱ्यांच्या दारी जातो. दोन बाजूंची दोन घरं आणि समोरची तीन. वाकून नमस्कार करतो, हातात टॉवेल नाहीतर साबण असलं काहीतरी ठेवतो आणि म्हणतो, आमचा त्रास होईल, सांभाळून घ्या. जावयाचं म्हणणं, बाबांच्या वतीने आपण टॉवेल आणूया का.

मी म्हटलं, "घर मी बांधलं, कष्ट मी केले, आणि टॉवेल शेजाऱ्याला? त्याला सांग, आमच्याकडे टॉवेल-टोपी लग्नात देतात. मी घरोघर टॉवेल वाटत फिरलो तर लोक विचारतील, म्हातारा या वयात कोणाशी लग्न करतोय."

मागून बायको म्हणाली, "त्यांना कोण पोरगी देतंय आता."

शेवटी लेकीने सांगितलं की चिनीमातीचे दोन वाडगे आणणार आहेत. जोडीचे असतात, एक नवऱ्याचा मोठा, एक बायकोचा लहान. बायको म्हणाली, "म्हणजे तिथंपण बाईला लहानच." मी घेणार नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं. फोनवर वाद घालून पोरीचं येणं कशाला बिघडवायचं, म्हणून गप्प राहिलो.

आता हे घेणार नाही म्हणजे काय, ते सांगतो. आमच्यात लेक दिली की बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. नातवंड झालं की मग पितो. लेक देऊन तिच्याकडून काही घ्यायचं नाही, अशी ती रीत. माझे वडील माझ्या बहिणीकडे खाडीपलीकडे जायचे तेव्हा गडव्यात आपलं पाणी बांधून न्यायचे. तिच्या ओट्यावर बसायचे, तिच्याशी तासभर बोलायचे आणि आपल्या गडव्यातलं पाणी पिऊन उठायचे. भाचा झाला त्याच्या बारशाला वडील पहिल्यांदा तिच्या घरी जेवले. काय जेवले. बहीण वाढत होती आणि रडत होती. रीत कडक असते ती अशा एका जेवणासाठी असते, असं मी तेव्हापासून धरून चाललो. आजकाल कोणी पाळत नाही. मी पाळतो.

दोघं आली. पोर गाडीतून उतरली आणि मी जवळ जाईपर्यंत तिच्या आईने तिला धरली, ती सोडीचना. मी बाजूला उभा. जावई खाली वाकला, एवढा वाकला की त्याच्या खिशातला पेन पडला. त्याला मराठी दोनच शब्द येतात, नमस्कार आणि बास. माणूस शांत. केस कानाशी पिकलेले. खोली दाखवली तर लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, वारा छान येतो." मी म्हटलं, "यायचाच." दोन रात्री ती त्या खोलीत झोपली. सकाळी खिडकी उघडायला मी गेलो नाही, आतून तिने उघडल्याचा आवाज आला. मी चहा पीत बसलो होतो. तो आवाज ऐकायला मला फार बरं वाटलं.

वास्तुशांतीच्या दिवशी लोक जमले आणि जावयाची पंचाईत सुरू झाली. त्याच्या रीतीत जे जे नको ते सगळं आमच्याकडे दारातून आत येत होतं. समया आल्या, निरांजनं आली, लाल खण आले आणि भिंतीवरची घड्याळं तर विचारू नका. प्रत्येकाला वाटतं घड्याळ दुसरा कोणी आणणार नाही. त्यात भटजींनी नव्या कोऱ्या लादीवर विटा मांडल्या, समिधा रचल्या आणि घराच्या मधोमध होम पेटवला. जावयाचा चेहरा पांढरा पडला. तो हळूच उठला, मागच्या दारी गेला आणि पाण्याने भरलेली बादली घेऊन होमापासून चार हातांवर उभा राहिला. बसेचना. लेकीने कानात सांगितलं, तरी हसून मान हलवतो आणि बादली धरून उभाच.

भटजी म्हणाले, "यजमान, हे पाणी कशासाठी?"

दोस्त दारातून म्हणाला, "भटजी, तुमच्या अग्नीवर जपानचा भरवसा नाय."

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या घराला आग लागू नये म्हणून परमुलखातला माणूस पूर्णाहुतीपर्यंत पायांवर उभा होता. मनात म्हटलं, पोरगी चांगल्या घरी पडली.

जेवणं झाल्यावर अंगणात गोंधळ. लोकांना आपल्या चपला सापडेनात. जावयाने मघाशी सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने लावून, तोंडं रस्त्याकडे करून ठेवल्या होत्या. निघताना पाहुण्याला वळायला लागू नये म्हणून तिकडे तसं करतात. आमच्या चुलत्यांना ते कळलं नाही. ते म्हणाले, "जेवण झालं नाय तर चपला रस्त्याला लावल्या. जा म्हणतोय की काय आम्हाला?" लेकीने समजावलं तेव्हा निवळलं.

मग गर्दी कमी झाली. पडवीत मी, दोस्त, चार घरची माणसं बसलो होतो. जावई आला, माझ्यासमोर गुडघे मोडून बसला आणि निळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवलं. गाठ इतकी नीट, की आमच्या बायकांनी वाकून बघितली. त्याने त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. लेक म्हणाली, "म्हणतात, काही खास नाय, पण राहू द्या."

मी म्हटलं, "नाय."

तो हसला, वाकला, गाठोडं आणखी थोडं पुढे सरकवलं.

"नाय म्हटलं ना."

तो पुन्हा हसला, पुन्हा वाकला, पुन्हा सरकवलं. माझं डोकं तापायला लागलं. भर माणसांत मी नाही म्हणतोय आणि हा हसतोय.

लेक म्हणाली, "बाबा, त्यांना वाटतंय तुमी रीतीने नाय म्हणताय. तिकडे दोनदा नाय म्हणतात. तिसऱ्यांदा घेतात. लगेच घेतलं तर हावरट दिसतं."

"आणि तिसऱ्यांदापण नाय म्हटलं तर?"

"तिसऱ्यांदा कोणी म्हणत नाय."

दोस्त म्हणाला, "अरे घे की रे. गुडघे गेले त्याचे कामातून. पोरगी सांगत होती, समोर उघडायचंपण नसतं त्यांच्यात, नुसतं घ्यायचं नि बाजूला ठेवायचं. तुझं काय जातंय?"

मी म्हटलं, "माझं काय जातंय ते मला ठाऊक हाय. लेकीच्या घरचं मी घेत नाय. नातवंड होऊ दे, मग मीच मागून घेईन." आणि गाठोडं मी हाताने परत त्याच्याकडे सरकवलं.

ते त्याच्या गुडघ्याला लागलं तेव्हा त्याला कळलं. हसू गेलं. त्याने लेकीकडे बघितलं. लेकीने माझ्याकडे बघितलं नाही, गाठोडं उचललं आणि आत गेली.

थोड्या वेळाने ती पिशवी भरून बाहेर आली. म्हणाली, आजची रात्र आम्ही वरशाला दादाकडे राहतो, उद्या तिथूनच विमानाला निघू. तिचा भाऊ, माझा मुलगा, रोह्याला लागून वरशाला फ्लॅटमध्ये राहतो, रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जातो; त्या दिवशीही जेवून लगेच गेला होता. मी म्हटलं, "तुझी खोली हाय की इथं." तेव्हा ती माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. माझी पोर आहे, भांडताना आवाज खाली आणते.

"बाबा, मी एक्केचाळीस वर्षांची हाय. मला मूल होणार नाय. आईला ठाऊक हाय, डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय. म्हणजे तुमी माझ्या घरचं कधीच घेणार नाय, असंच ना?"

ती पिशवी उचलून गाडीत जाऊन बसली. जावई जाताना माझ्यापुढे वाकला, पहिल्याइतकाच. गाडी हायवेला लागली आणि ट्रकच्या मागे दिसेनाशी झाली.

संध्याकाळी घरात बायको आणि मी दोघंच. आलेली घड्याळं ओळीने भिंतीला टेकवून ठेवली होती आणि प्रत्येकाची टिकटिक वेगळी. मी तिच्या खोलीची खिडकी लावायला गेलो. चादर तिने घडी करून ठेवलेली. उशी उचलून वास घेतला. कुठल्यातरी परदेशी साबणाचा होता, पण तिचा होता. मी खिडकी तशीच ठेवून बाहेर आलो.

बायको तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या त्या रीतीत, जिला मूल नाय तिच्या बापाने काय करायचं, ते सांगितलंय काय?"

"नाय."

"मग?"

"नाय सांगितलेलं म्हणजे नाय सांगितलेलं, गो. मला काय विचारतेस?"

"मग कोणाला विचारू? रीत तुमची, लेक माझी."

मी पडवीत येऊन बसलो. खूप विचार केला. माझे वडील गडवा का बांधून न्यायचे, तर भाचा होईल त्या दिवसाची वाट बघायला. वाट बघण्याला शेवट असतो म्हणून ती बघवते. माझ्या पोरीच्या बाबतीत तो दिवस नव्हताच, आणि मी बापडा चार वर्षं, दहा वर्षं, त्या दिवसाकडे डोळे लावून तिच्या दारात उपाशी उभा. आणि ती आतून बघतेय, की बाप येत नाही, कारण आपल्याकडे द्यायला ते एक नाही. तीन वर्षं हे ती फोनवर हसत-बोलत मनात ठेवून होती. मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. रीत वाईट नव्हती. पण रीत घालून देणाऱ्याने माझी पोर बघितली नव्हती. त्याने बघितली असती तर तोही अडला असता.

ती उद्या गेली की परत कधी येईल, कोणाला ठाऊक. माझी बाहत्तर झालेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि पहिली एसटी धरायला हायवेवर गेलो. बायकोने विचारलं, "कुठं?" म्हटलं, "रोह्याला. काम हाय." ती म्हणाली, "व्हय, असणारच," आणि पुढे काही विचारलं नाही.

वरशाला मुलाच्या दारात पोचलो तेव्हा दार जावयाने उघडलं. मला बघून वाकला. मी आत गेलो, खुर्चीत बसलो आणि त्याला हाताने खूण केली, की कालचं ते आण. तो समजला. आत जाऊन निळं गाठोडं घेऊन आला, समोर खाली बसला, दोन्ही हातांनी पुढे केलं.

मी म्हटलं, "नाय."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. पुन्हा पुढे केलं.

"नाय."

तिसऱ्यांदा त्याने गाठोडं पुढे केलं. मी दोन्ही हातांनी घेतलं. उघडलं नाही, मांडीवर ठेवलं. तो त्याच्या भाषेत काही म्हणाला आणि या वेळी सांगायला कोणी नव्हतं, तरी मी मान हलवली.

लेक स्वयंपाकघरात होती. ओल्या हातांनी भाताचे त्रिकोणी गोळे वळत होती, प्रवासासाठी. मी गाठोडं काखेत धरून दारात उभा राहिलो. तिने बघितलं, पण हात थांबवले नाहीत.

"कसला भात हा?"

"तिकडचा तांदूळ. इथलं तिखट त्यांच्या पोटाला सोसत नाय, म्हणून येताना घेऊन आलो होतो."

"म्हणजे तुझ्या घरचा."

"व्हय."

मी हात पुढे केला. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग काखेतल्या गाठोड्याकडे बघितलं.

"बाबा, तुमी खाणार?"

"भूक लागलीय. सकाळपासून काय खाल्लं नाय."

तिने एक गोळा माझ्या हातावर ठेवला. मी उभ्यानेच खाल्ला. भात चिकट होता आणि मीठ कमी होतं. तसं मी तिला सांगितलंसुद्धा. ती डोळे पुसत म्हणाली, तिकडे एवढंच घालतात. मग मी आणखी एक मागितला.